डावा बैल अडतो

नागपूर, ३ जुलै

प्रिय सोनिका,

पत्र पाहून दचकू नकोस. कुणी आजारी नाही आणि मी कुणाचं लग्नही ठरवलेलं नाही. फोनच केला असता, पण तुला फोन केला की आई तो स्पीकरवर ठेवायला लावते आणि मग आपल्या दोघींपेक्षा तिचंच बोलणं जास्त होतं. ऑफिसच्या चॅटवर लिहावं तर ते कोण कोण वाचतं, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. म्हणून हे तुझ्या घरगुती मेलवर. उत्तरही इथेच दे.

कामाचं बोलते. बोंद्रे सरांनी आपल्या 'धुरकरी' गेमसाठी एक एआय एजंट आणलाय. तू उमरेडला बसून शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती खेळतेस, जोड्या पळवतेस आणि काही बिघडलेलं दिसलं की कळवतेस, तेच हा संगणकात बसून करणार. त्याच्या हाताशी साधनं दिली आहेत. एक पडद्यावर बोट लावायचं, एक पडद्याचा फोटो काढायचं, एक गेम बंद करून पुन्हा उघडायचं. कुठलं साधन कधी वापरायचं, कशाला बिघाड म्हणायचं आणि कशाकडे दुर्लक्ष करायचं, हे मात्र त्याला कुणीतरी लिहून द्यावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. आजवर मी माणसांसाठी लिहिलं. माणूस कंटाळतो, मधली पानं गाळतो आणि अडलं की शेजाऱ्याला विचारतो. हा एकही शब्द गाळत नाही आणि लिहिलं त्याच्या बाहेर एक पाऊल टाकत नाही. असला वाचक मला पहिल्यांदाच मिळालाय आणि खरं सांगायचं तर त्याची भीती वाटते.

तुझ्याइतकं बारीक आमच्याकडे कुणी बघत नाही. तू नेमकं कसं बघतेस, ते मला सविस्तर लिहून पाठव. पोळ्याला गेम बाहेर काढायचाय, म्हणून जरा घाई आहे.

आणि हो, यात काळजी करण्यासारखं काही नाही.

तुझी,
कामिनी


उमरेड, ६ जुलै

कामिनीताईंना नमस्कार.

'काळजी करण्यासारखं काही नाही' असं तुम्ही आपणहून लिहिलंत, तिथेच मला काळजी लागली. मी काही विचारलं नव्हतं. हे तुम्ही विचारताय की सर विचारतायत? मी सगळं लिहून दिलं आणि त्या एजंटाला ते जमलं, तर माझं काय, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. तुम्ही विसरला असाल असं मला वाटत नाही. तुम्ही विसरणाऱ्यातल्या नाही.

इथली परिस्थिती तुम्हाला माहीत आहे. तुमच्या आईंना मी काम करते हे अजून पटलेलं नाही. परवा शेजारच्या रंभाबाई आल्या तर त्यांना माझ्यासमोर सांगत होत्या, "आमची सून सकाळपासून मोबाइलवर खेळून राहिली. बैल पळवून राहिली म्हणते. घरी बैल असते तर समजलं असतं." तुमचे भाऊ कोळसा खाणीची पाळी संपवून येतात आणि हसतात. हे काम गेलं तर या घरात माझं काय उरेल, ते मी सांगायला नको. मी खेळत होते हेच मग खरं ठरेल.

तरी लिहिते, कारण हे काम मला तुम्हीच मिळवून दिलंत.

मी आधी जोडी निवडते. मग तीच शर्यत पुन्हा पुन्हा पळवते, कधी बोट हळू लावून, कधी मध्येच फोन आल्यासारखं करून. बिघाड पहिल्यांदा दिसला की मी त्यावर विश्वास ठेवत नाही. गेम पूर्ण बंद करते, पुन्हा उघडते आणि तसंच खेळत राहते. दुसऱ्यांदा दिसला तरच कळवते. सुरुवातीला मी दिसेल ते लगेच कळवायचे. तेव्हा सर मिटिंगमध्ये सगळ्यांना ऐकवून म्हणाले होते, "उमरेडवाल्या मॅडमले बिघाड सपन्यात दिसून राहिले." सगळे हसले. तुम्हीही त्या मिटिंगमध्ये होतात, ताई. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला. एकदा दिसलेलं मी कुणाला सांगत नाही.

सध्याचा मोठा बिघाड मी कळवलाच आहे. जोडी बदलली की कधीकधी नव्या जोडीतला डावा बैल जागचा हलत नाही. उजवा ओढत राहतो, घड्याळ पळत राहतं, शर्यत हातची जाते. तेवढा बघून घ्या.

सोनिका


नागपूर, १५ जुलै

प्रिय सोनिका,

तुझं पत्र तीनदा वाचलं. टोमणे सोडून बाकी सगळं फार कामाचं होतं. टोमणेही बरे होते.

तुझी पद्धत मी जशीच्या तशी मार्गदर्शिकेत उतरवली. सर इतके खूश झाले की त्यांनी ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली, "असं लिहा, असं." तुझं नाव मी घेतलं नाही, कारण घेतलं असतं तर तुला पुन्हा चिडवलं असतं. वाईट वाटून घेऊ नकोस.

आता एक अडचण आहे आणि ती तुला मीच सांगितलेली बरी. एजंट आठवडाभर थांबला नाही. तीन हजारांवर शर्यती पळवल्या, जोड्या बदलून बदलून. झाडांची सावली उलटी पडते, जोडी हाकणाऱ्या एका धुरकऱ्याचं पागोटं शर्यतीत गायब होतं, असले बिघाड त्याने काढले. पण डावा बैल एकदाही अडला नाही. अहवालात साफ लिहिलंय, 'असा बिघाड नाही.'

तुझा फोन जुना झालाय का गं? गरम होतो का? बोट लावताना काचेवर पीठबीठ असतं का? सहज विचारते.

कामिनी


उमरेड, १८ जुलै

कामिनीताई,

पीठ! मी पोळ्या लाटत लाटत गेम तपासते असं तुम्हाला वाटतं का? आईंनी विचारलं असतं तर समजू शकले असते.

फोन मागच्या दिवाळीचा आहे. गरम होत नाही. काच मी कामाला बसायच्या आधी पुसते. डावा बैल काल अडला आणि आज सकाळीही अडला. मी सरांना व्हिडिओ पाठवला. त्यांचं उत्तर आलं, 'व्हिडिओत बैल उभा दिसतो. पण तुम्ही बोटच लावलं नसेल तरी तो उभाच दिसणार.' आता मी काय दुसऱ्या फोनने माझ्या बोटाचा व्हिडिओ काढून पाठवू? आणि तो पाठवला तर म्हणतील, बोट काचेला टेकलंच नव्हतं.

ताई, तीन हजार शर्यतींत त्याला एकदाही दिसत नाही आणि मला रोज दिसतो, हे मलाही विचित्र वाटतं. माझी एक शंका आहे. तो अहवाल तुमच्यापर्यंत यायच्या आधी कुणी त्यात हात घालतं का? पोळा जवळ आलाय आणि बैलाची चूक दुरुस्त करायची म्हणजे प्रोग्रामरला बसवावं लागणार. पाणी कुठेतरी मुरतंय. कुठे, ते तुम्ही तिथे बसून शोधा. मी इथून फक्त बैल बघू शकते.

माझं नाव घेतलं नाहीत ते चांगलंच केलंत म्हणायचं. पद्धत माझी चालते, नाव चालत नाही.

सोनिका


नागपूर, २७ जुलै

सोनिका,

उशीर झाला. लिहायला बसायचे आणि उठायचे. आज स्पष्टच लिहिते.

अहवालात कुणीही हात घालत नाही. मी स्वतः एजंटाचे अहवाल थेट मशीनवरून उघडून पाहिले. मशीन ते आपलं आपणच लिहितं, आणि त्यात तुझा बैल नाही.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. घरून तपासणाऱ्या सगळ्यांच्या तक्रारी त्यांनी एजंटाच्या अहवालाशी ताडून पाहिल्या. ज्या एजंटाला दिसल्या नाहीत, त्यांत तुझ्या सगळ्यात जास्त. मौद्याची वंदना हाच गेम तपासते, तिने डाव्या बैलाबद्दल अक्षर लिहिलेलं नाही. सर म्हणाले, "मॅडम, काम चालू राहावं म्हणून कोणी बिघाड बनवून सांगत असन तर? तुमची भावजय आहे म्हणून विचारून राहिलो, बाकी काही नाही."

मी तिथे तुझी बाजू घ्यायला तोंड उघडलं आणि मला तुझ्याच नवऱ्याचं, जितेंद्रचं बोलणं आठवलं. गेल्या रविवारी तो फोनवर सांगत होता की सोनिका रात्रंदिवस एकच म्हणते, मशीनला जमलं की माझं काम गेलं. मशीनला जमू नये असं तुला वाटत असेल, तर त्यात नवल नाही. मलाही वाटलं असतं. घरून तपासणारे कमी करायचे, असं सरांच्या मनात पहिल्यापासून होतं आणि ते मला ठाऊक होतं. तुला सांगितलं नाही, कारण तू घाबरली असतीस.

म्हणून एकदाच विचारते, बहीण समजून खरं सांग. बैल अडतो का?

कामिनी


उमरेड, २ ऑगस्ट

आदरणीय कामिनीताईंना,

आजपासून माझं खातं उघडत नाही. पासवर्ड चुकला असेल म्हणून मी मुकाट्याने पुन्हा पुन्हा टाकत बसले. मग कळलं, खातंच बंद केलंय.

तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. 'काळजी करण्यासारखं काही नाही' हे वाक्य तुम्ही ते ठाऊक असताना लिहिलंत आणि त्याच पत्रात माझ्याकडून माझं काम लिहून मागितलंत. माझं काही खोटं निघालं असेल तर ते यापेक्षा मोठं नसेल.

नवरा-बायकोचं बोलणं तुमच्या भावांनी तुम्हाला सांगितलं, त्याचा हिशेब मी त्यांच्याशी करेन. ते आता मान खाली घालून जेवतात. पण मशीनचा अहवाल आईंना कुणी सांगितला? मी नाही. सकाळी चहा गाळता गाळता म्हणाल्या, "पाहा, मी सांगून राहिली होती त् कोणी आयकत नोहतं. आता मशीननंच सांगतलं, ही नुसती खेळते म्हणून." त्यांना एआय म्हणजे काय ते माहीत नाही, पण माझ्याविरुद्ध बोललं म्हणून तो त्यांचा झाला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बैल अडतो.

आता माझा एक प्रश्न. तुम्ही माझं खरं मानता की नाही? मशीनला विचारून सांगायचं नाही. मशीनने हो म्हटल्यावर तर बोंद्रे सरही मानतील, त्यात तुमचं काय? तुम्ही मला आठ वर्षं ओळखता. तेवढ्यावर काय ते सांगा.

राखीला तुम्ही याल. तुमच्या आवडीची भजी करीन, त्यात काही कमी पडणार नाही. पण आईंसमोर हा विषय काढू नका.

सोनिका


नागपूर, १० ऑगस्ट

सोनिका,

काल तुझ्या घरी होते आणि आपण दोघी सहा वाक्यंसुद्धा बोललो नाही. तुझी भजी खाल्ली.

एक गोष्ट मला तिथेच विचारायची होती. जेवण झाल्यावर मी मुद्दाम तुझ्या शेजारी खाटेवर येऊन बसले. तुझ्या फोनवर गेमची जुनी प्रत अजून चालू होती आणि तू खेळत होतीस. मी शर्यतीमागून शर्यत बघत होते. बैल दर वेळी पळाला. मग आईने मला हाक मारली, "कामिनी, हा डबा घेऊन जाशीन का वं?" मी मान वळवली, आणि परत पाहिलं तोवर तू झटकन गेम बंद केला होतास. पडदा काळा. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस.

खरं लिहिते. मला वाटलं, पकडली. मी पाहू नये म्हणूनच हिने बंद केला. तुझा इतका राग आला की मी डबा न घेताच निघाले. आई अजून त्या डब्यावरून रागावलेली असेल.

परतीच्या एसटीत भिवापूरच्या दोघी बायका बसायच्या जागेवरून भांडत होत्या आणि मी खिडकीशी तुझ्यावर धुमसत होते. पाचगाव गेलं तेव्हा माझ्या डोक्यात आलं की तू गेम लपवायला बंद केलाच नव्हतास. बैल अडला होता. पहिल्यांदा अडला की तू हेच करतेस, गेम पूर्ण बंद करतेस, पुन्हा उघडतेस आणि दुसऱ्यांदाची वाट बघतेस. मला तू स्वतः तसं लिहून कळवलं होतंस. मी ते वाचलं, वाहवा मिळवली आणि विसरले.

आणि नेमकं तेच मी एजंटाला लिहून दिलंय. 'बिघाड पहिल्यांदा दिसला तर कळवू नको. गेम बंद कर, पुन्हा उघड. दुसऱ्यांदा दिसला तरच कळव.' तू गेम बंद करून उघडतेस, तेव्हा मघाचा अडलेला बैल तुझ्या डोक्यात असतो. त्याचं तसं नाही. गेम बंद केला की त्याचीही नवी पाळी सुरू होते. नव्या पाळीत त्याला माझी मार्गदर्शिका मिळते आणि दुसरं काहीही मिळत नाही. मागच्या पाळीत काय दिसलं, ते त्याच्याजवळ नसतं. बैल शंभरदा अडला तरी त्याच्या लेखी दर वेळी पहिल्यांदाच अडला. दर वेळी तो माझं ऐकून गेम बंद करतो आणि गप्प बसतो. पागोट्याचं आणि सावलीचं ठीक होतं, ते एकाच शर्यतीत दोनदा दिसून जायचं. बैल शर्यतीला एकदाच अडतो.

आज रविवार आहे, ऑफिस बंद आहे. मी अजून काहीही तपासून पाहिलेलं नाही. माझी ही सगळी अटकळ चुकीचीही असू शकते. पण तू मला प्रश्न विचारला होतास आणि त्याचं उत्तर मशीनच्या आधी द्यायचं होतं, म्हणून आजच देते. बैल अडतो. तू म्हणतेस म्हणून अडतो. उद्या सरांनाही मी हेच सांगणार आहे, चाचणी चालवायच्या आधी.

कामिनी


उमरेड, ११ ऑगस्ट, सकाळी

कामिनीताई,

पत्र वाचलं. त्या वेळी बैल अडलाच होता. तुम्ही माझ्या खांद्यावरून डोकावून बघत बसला होतात, त्यामुळे मला राग आला होता आणि मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही.

सरांना आधी सांगणार म्हणता. बघू. तुम्ही केबिनमध्ये तोंड उघडता आणि मग तुम्हाला काहीतरी आठवतं, असा माझा अनुभव आहे.

डबा आईंनी स्वतः परत फडताळात ठेवला आणि दार आपटलं.

सोनिका


नागपूर, १४ ऑगस्ट

प्रिय सोनिका,

तोंड उघडलं आणि या वेळी काही आठवू दिलं नाही.

सोमवारी सर चहा घेत होते. मी म्हटलं, "सर, डावा बैल अडतो." ते म्हणाले, "चाचणी चालवली का?" मी म्हटलं, "नाही." मग त्यांनी कप खाली ठेवला. "मंग कशावरून म्हणून राहिल्या?" मी म्हटलं, "सोनिका म्हणते म्हणून." ते हसले. "मॅडम, घरचं माणूस आहे म्हणून बाजू घेऊन राहिल्या का?" मी म्हटलं, "घरचं आहे म्हणूनच इतके दिवस घेतली नाही, सर." पोळा तोंडावर असताना नुसत्या तुझ्या शब्दावर गेम थांबवा म्हणणं म्हणजे माझीही नोकरी गेलीच, असं मला वाटत होतं.

मग जागेवर आले आणि मार्गदर्शिकेतला तो नियम काढला. त्याऐवजी लिहिलं, 'बिघाड पहिल्यांदा दिसला की आधी नोंदव, मग गेम बंद कर.' एजंट सुरू केला. दुपारपर्यंत डावा बैल इतक्या वेळा अडला की सरांनी स्वतः येऊन तो बंद करायला सांगितला. प्रोग्रामरने दोष शोधला. जुन्या जोडीतल्या डाव्या बैलाचा थकवा पुसला जात नव्हता, तो नव्या बैलाच्या अंगावर तसाच राहत होता. बिचारा नवा बैल पळायच्या आधीच दमलेला.

आता सर काय म्हणाले ऐक. "वा! एजंट भारी निघाला." मी तिथेच त्यांना पुन्हा एकदा तुझं नाव ऐकवलं, आणि तुझ्या बाकीच्या तक्रारीही नव्याने तपासायला लावल्या. त्यातल्या बऱ्याच खऱ्या निघाल्या. एक नाही निघाली, ती चुकून लिहिलीस की मुद्दाम, ते तुझं तुला माहीत.

संध्याकाळी मौद्याहून वंदनाचा फोन आला. म्हणाली, "ताई, मलेबी दिसत होता अडलेला. पण मशीनले दिसत नाही म्हणल्यावर मी चूप बसली. काहून उगाच नजरेत यायचं?" तिच्यावर मी ओरडणार होते. नाही ओरडले, कारण ती घाबरली तशी मीही घाबरलेच होते.

मार्गदर्शिकेत आणखी एक गोष्ट घातली आहे, सरांना न विचारता. 'माणसाने कळवलेला बिघाड तुला दिसला नाही, तर बिघाड नाही असं लिहू नको. मला दिसला नाही, असं लिही.'

तुझं खातं आज उघडेल. घरून तपासणारे कमी करायचा विचार सरांनी सोडलाय की पुढे ढकललाय, मला माहीत नाही. ठाऊक होईल त्या दिवशी तुला कळवीन, तू घाबरलीस तरी.

कामिनी


उमरेड, २४ ऑगस्ट

प्रिय कामिनीताई,

पोळा आणि तान्हा पोळा दोन्ही पार पडले म्हणून आज लिहायला सापडलं. गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरात मोबाइलवर 'धुरकरी' चालू होता. मी गल्लीतून जाता जाता त्यांच्या खिडक्यांतून डोकावून बघत होते की कुणाचा डावा अडतो का. नाही अडला.

खातं उघडलं. सरांचा मेल आला होता, 'एजंटच्या चाचणीत तुमच्या निरीक्षणाची पुष्टी झाली आहे, काम सुरू करावे.' मी उत्तर लिहिलं की काम सुरू करते, आणि यापुढे बिघाड पहिल्यांदा दिसला तरी लगेच कळवीन, कुणाला स्वप्न वाटलं तर वाटू दे. एकदा पाठवलेला मेल परत घेता येत नाही हे बरं आहे.

तुम्ही जी शेवटची गोष्ट मशीनसाठी लिहिलीत, ती मी पुन्हा पुन्हा वाचली. माझ्या मनात आलं ते लिहू का? ती जुलैमध्ये तुम्ही आधी स्वतःला लिहून द्यायची होती. मशीनचा काय दोष, त्याने तुमचं ऐकलं. मला राग त्याचा कधीच नव्हता. तुम्ही मला भोळी समजून गोष्टी झाकता, त्याचा होता, आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही. म्हणून तुमच्या पत्रांत 'काळजी करू नको' दिसलं की मी काळजी करणारच. पण त्या सोमवारी तुम्ही केबिनमध्ये जे बोललात, ते मी तुमच्या भावांना वाचून दाखवलं तेव्हा मला रडू आलं, हेही खरं.

आईंना तो मेल मी त्याच दिवशी वाचून दाखवला. शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे मशीन म्हणते का बैल अडते? मंग खरं असन." मला इतका संताप आला की मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, "मशीननं मागून सांगतलं, आई. कामिनीताईनं मशीनच्या आंधी सांगतलं, साहेबाच्या तोंडावर."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "तिले कसं मालूम? ती त् नागपूरले राह्यते."

मी म्हटलं, "मी सांगतलं होतं तिले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग शेंगांचं सूप माझ्या बाजूला सरकवलं आणि आम्ही दोघी सोलत बसलो. काल रंभाबाई आल्या आणि नेहमीसारखं विचारलं, "सून कुठं हाय, बैल पळवून राहिली का?" तर आतून मला आईंचा आवाज ऐकू आला, "हाव. कामावर हाय ते. जरा हळू बोल." मला ऐकू यावं म्हणून मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या की काय, असा संशय मला आहेच. असू दे. म्हणाल्या ना.

तुमची,
सोनिका